छापण्याआधी विचारायचं होतं

समता कॉलोनी, रायपूर
रविवार

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून आई घाबरेल, तिला आधी सांगा की मी बरी आहे. रोज फोन होतो तरी ही पोट्टी कागद काहून काळे करून राहिली, असंही म्हणेल. फोन होतो, पण तुमच्याशी कुठे होतो? परवा मी विचारलं, गोंदियात ऊन किती आहे, तर तुम्ही म्हणालात, "हव, बरं आहे." मग विचारलं, जेवलात का, तरी "हव, बरं आहे," आणि फोन आईच्या हातात. म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी तुमच्या काळजीचं. संस्थेचं काही खरं नाही, रेल्वेचा फॉर्म भरून टाक, हा तुमचा निरोप आईने पोचवला. तुमचं चुकत नाही. मुंबईच्या ज्या ट्रस्टच्या पैशावर आमचं केंद्र चालायचं, त्यांनी जानेवारीत कळवलं की यंदा काही सांगता येत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांना कानाची मशीन द्यायची आणि मग रोज समोर बसून बोलायला शिकवायचं, हे आमचं काम. एका वर्षात होत नाही, आणि मध्येच सोडलं तर मूल आहे तिथूनही मागे जातं. सध्या आमचा सगळ्यांचा पगार अर्धा आहे. पावसाळ्यापर्यंत निभेल, पुढचं ठाऊक नाही. फॉर्म मी भरला आहे, पण परीक्षा होईपर्यंत इथून हलणार नाही.

देणगीदारांना हे कळवायचं की नाही, यावर कमिटीची मोठी बैठक झाली. एक साहेब म्हणाले, "बंद होनेवाली जगह को कौन पैसा देगा? चुप रहो." आमच्या मुख्य पूर्णिमा दीदी नुसत्या म्हणाल्या, "चिट्ठी तो दीक्षा लिखेगी, उससे पूछो." देणगीदारांची पत्रं मीच लिहिते, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा टेबलाशी आपल्या घरातलं आजवर कोणी बसलं नव्हतं, बाबा. माझा आवाज बारीक झाला, पण मी सांगितलं, की ज्यांनी आजवर दिलं त्यांना आधी फोन करू, काही न मागता नुसते आभार मानू. आणि कोणी विचारलं तर जे आहे ते सांगू.

मग मीच फोन करत सुटले. बहुतेक लोक आधी दचकायचे. चौबे कॉलोनीत श्यामराव काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याचे. माझं मराठी ऐकून खुलले, पण लगेच म्हणाले, "पैसे मांगाले फोन केला ना तू?" नाही काका, फक्त थँक्यू म्हणायला केला, असं म्हटलं, तर म्हणतात, "मंग दोनदा म्हन. घरात कोनी एकदाही म्हनत नाही." मी दोनदा म्हटलं. तेव्हा हळूच विचारलं त्यांनी, "बंद होऊन राहिलं का तुमचं?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "आता मले झोप येनार नाही. दर सोमवारी फोन करून मलेच सांगत जा, काय झालं ते." आता सोमवारी फोन करायला मला थोडा उशीर झाला, तर तेच करतात आणि रागावतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या ओळखीचे तिघं केंद्र बघायला आले. मला वाटायचं, माझं काम म्हणजे मागणं. ते खरं तर सोबत गोळा करणं आहे, हे मला या वाईट वर्षाने शिकवलं.

दुसरी गोष्ट मला श्रावणीच्या आईने शिकवली. श्रावणी पाच वर्षांची आहे, आणि तिची आई शंकर नगरात चार घरी स्वयंपाक करते. कोणत्याही मुलाबद्दल काही छापायचं तर आधी ते त्याच्या आईला मोठ्याने वाचून दाखवायचं, हा दीदींचा नियम. मी श्रावणीवर इतकं सुंदर लिहिलं होतं की माझं मलाच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटत होतं. तिच्या आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाली. "नोनी बड़े होही त खुदे पढ़ही, तब ओखरे ले पूछहू." पोरगी मोठी होऊन स्वतः वाचेल, तेव्हा तिलाच विचारा. मला आधी वाईट वाटलं. मग घरी येताना वाटलं, या बाईने आपल्या मुलीचा केवढा मान ठेवला. श्रावणीवरचं सगळं मी काढून टाकलं.

त्यामुळे देणगीदारांच्या पत्रात मधली जागा रिकामी राहिली. ऐकू न येणं म्हणजे घरात नेमकं काय होतं, हे वाचणाऱ्याला कसं कळावं? दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी एक प्रसंग न थांबता लिहून काढला आणि दीदींना दिला. त्यांनी वाचला, डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "बाबा को पढ़के सुनाया?"

बाबा, तुम्हाला वाचून दाखवता आलं नसतं. म्हणून तेच इथे उतरवते.

"माझे बाबा लोखंडी पत्रे कापणाऱ्या मशिनीजवळ उभे राहून तीस वर्षं राबले. घरातली पहिली पदवी मला मिळाली त्या दिवशी ते नवा शर्ट घालून सभागृहात मागे बसले होते. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. ते शेजारी बसलेल्या आईच्या हातांकडे बघत होते. आईचे हात टाळीसाठी जुळले, तेव्हा त्यांना कळलं आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळे थांबले तरी ते थांबले नाहीत, कारण सगळे थांबल्याचं त्यांना ऐकू आलं नव्हतं."

तुम्हाला वाटतं मला माहीत नाही. मला त्या दिवसापासून माहीत आहे. आजूबाजूचे हसत होते आणि मी स्टेजवर उभी राहून मनात म्हणत होते, थांबू नका. त्या मशिनीच्या आवाजात तुम्ही माझं कॉलेज पुरं केलं. तुमच्या कानांबद्दल मी कधी काही बोलले नाही, कारण तुम्हाला ते लपवायचं होतं. आमच्याकडे कान तपासायची खोली आहे. तुम्ही याल तेव्हा मी दाराबाहेर बसेन. पण त्याची घाई नाही. घाई पत्राची आहे. ते उद्याचा सोडून त्यापुढच्या सोमवारी छापायला जाईल आणि हा मजकूर तुमचा आहे. नको म्हणालात तर तो काढीन, का ते विचारणार नाही, आणि रिकाम्या जागेत दुसरं काही शोधीन. फक्त फोनवर "हव, बरं आहे" म्हणू नका. ते मी धरणार नाही. तुमच्या हाताने लिहून पाठवा.

तुमचीच,
दीक्षा