साडूला कळता कामा नये

४ जून
कुठल्याशा कंपनीचं पत्र आलं. बारा वर्षांपूर्वी, बँकेचं कर्ज डोक्यावर असतानाच, मी घरावर दुसरं कर्ज काढलं होतं. वरची खोली बांधायला. (तेव्हाच साडूने वरचा मजला चढवला होता. त्याचा इथे संबंध नाही. खोलीची गरज होती.) तीन वर्षं हप्ते भरले, मग ती फायनान्स कंपनीच गाशा गुंडाळून गेली. नऊ वर्षं कोणी विचारलं नाही. म्हणजे माफच. आता ही नवी कंपनी म्हणते, ते कर्ज आम्ही विकत घेतलंय. साठ दिवसांत व्याजासकट भरा, नाहीतर घराचा लिलाव.
निश्चय : हिला सांगायचं नाही. ही बहिणीला सांगणार, बहीण नवऱ्याला. साडूला आनंद होईल. तो मी होऊ देणार नाही.

९ जून
साडूने घराला रंग दिला. फ्रिज दुरुस्त करून माणसाला इतके पैसे मिळतात कसे? रंग भडक आहे. समोरच्या फुटपाथवर वीस मिनिटं उभं राहून खात्री करून घेतली. मेव्हणीने खिडकीतून चहाला बोलावलं. घाईत आहे म्हणालो.

१५ जून, दुकानात
कंपनीला सडेतोड उत्तर लिहायला घेतलं. मालक म्हणाले, बाथरूमच्या टाइल्ससाठी गिऱ्हाईक ताटकळलंय, तुम्ही काय खरडताय? म्हटलं, कोटेशन. चार पानं झाली. मुद्दा बिनतोड : नऊ वर्षं गप्प बसणाऱ्याला अचानक आठवायचा अधिकार नाही. वकील असल्या मुद्द्याचे पैसे घेतात. साडूला दोन ओळी धड लिहिता येणार नाहीत.

२० जून
पत्र टाकलं नाही. अक्षर नीट नव्हतं.

२७ जून, सकाळी ९
एक माणूस रस्त्यावरून आपल्या घराचे फोटो काढत होता. सभ्य वाटला. मी स्कूटर बाजूला घेतली, वरची खोलीही नीट येऊ द्या म्हणालो. सहज विचारलं, कोपऱ्यावरच्या त्या नव्या रंगाच्या घरापेक्षा हे बरं ना? तो म्हणाला, याला जास्त किंमत येईल. दिवस सोन्यासारखा उगवला.

२७ जून, संध्याकाळी
किंमत कशाला?

१४ जुलै
फाटकावर लिलावाची नोटीस डकवून गेले : साठ दिवस संपले की लिलाव. ही हॉस्पिटलातून आली, युनिफॉर्मवरच उभ्या उभ्या वाचली. कधीपासून माहीत आहे, एवढंच विचारलं. चाळीस दिवस, म्हणालो. हिने बहिणीला फोन लावला.
अर्ध्या तासात साडू हजर. चेहऱ्यावर आनंद शोधला. लपवण्यात पटाईत आहे.
मग समजलं ते असं. यानेही त्याच कंपनीकडून दुसरं कर्ज घेतलं होतं. कंपनी बंद पडताना थोड्या पैशांत तडजोड करत होती, तेव्हा याने ते मिटवून कर्ज फिटल्याचा कागद हातात घेतला. म्हणाला, साडूभाऊ, तेव्हा तुम्हालाही बोलवायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, फ्रिजवाल्याचा सल्ला नको.
मला आठवत नाही, असं सांगितलं.
(आठवतं. नवे बूट घालून आला होता.)

१६ जुलै
वकीलबाईंकडे गेलो. त्या साडूच्या ओळखीच्या, म्हणून मी जाणार नव्हतो. हिने नुसतं पाहिलं. बाई म्हणाल्या, घरांचे भाव वाढले की अशी झोपलेली कर्जं जागी होतात. इतकी वर्षं हिशेब पाठवला नाही, तेव्हा व्याजावर भांडता येईल. मूळ रक्कम मात्र द्यावीच लागेल. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर सोपं होतं. मी माझी चार पानं पुढे केली. पहिलं वाचलं. उरलेल्यांवर चहाचा कप ठेवला.

२९ जुलै
कंपनीच्या ऑफिसात तडजोड झाली. लिलाव रद्द. व्याज बरंच सोडलं. हप्ते हिच्या पगारातून, जामीन साडू. साहेबांनी उठून साडूशी हात मिळवला आणि घर वाचल्याबद्दल त्याचंच अभिनंदन केलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? ही म्हणाली, हे माझे मिस्टर, यांचीही एक सही लागेल ना? लागली. खाली, कोपऱ्यात.
साडू गाडी काढायला गेला तेव्हा आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ही म्हणाली, घर जाईल याची भीती वाटलीच, पण तुम्ही मला सांगितलं नाहीत ते जास्त लागलं. मी खरं ते सांगितलं : त्याला आनंद झाला असता.
हिने तडजोडीचे कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. मग म्हणाली, नोटीस लागली त्या दिवशी भाऊजी ताईसमोर रडले. म्हणत होते, तेव्हा मी त्यांना हात धरून ओढत न्यायला हवं होतं.
परतताना मागच्या सीटवर बसलो. रस्ताभर त्याची एखादी चूक शोधत होतो.
गाडी चांगली चालवतो.