पाचव्याच्या खांद्यावर हात

३ मार्च
इस्त्रीवाली आज तीनदा हसली. तिन्ही वेळा आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे बघून. मी मोजत नव्हतो – पण समोरच उभा होतो, चादरींचा गठ्ठा घेऊन. तो किल्ली बोटावर फिरवतो काय, "मॅडम, आमच्यावरही फिरवा की इस्त्री" म्हणतो काय. मी विचारलं, गठ्ठा कुठे ठेवू? "डोक्यावर." दोघंही हसले.

६ मार्च
वॉचमनकाकांना मारून टाकलं. आमच्या धुलाईखान्यातच, बॉयलरच्या खोलीत, भर दुपारी. मी ओल्या चादरी घेऊन वळलो तर त्या दारातून एक माणूस बाहेर आला. चादरीला हात पुसत. माझ्याकडे बघितलं न् चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही. आत काका पडलेले.
"घरी फोन केलास का रे?" एवढं रोज विचारणारा इथे तो एकच माणूस होता.

८ मार्च
इन्स्पेक्टर साहेबांनी दोन तास बसवलं. म्हणाले, "एकाला संशयावरून धरलाय. काकांशी त्याचं भांडण होतं. पण भांडणं काय, शंभर जणांची असतात. हत्यार सापडलेलं नाही. त्याला त्या दारात बघणारा तू एकटा. तू ओळखलंस तर केस उभी राहील. नाहीतर सगळं हवेत."
परत आलो तर इस्त्रीवालीने चहा दिला. पहिल्यांदाच. "घाबरू नकोस," म्हणाली. तेवढ्यात ड्रायव्हर टपकला. अर्धा चहा त्याला – माझ्याच कपातला.

११ मार्च
ओळखपरेड झाली. सात जण ओळीत, एकाच अंगकाठीचे, सगळे मिशीवाले. ज्याला ओळखू त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.
पाचवा – आमचा ड्रायव्हर!
पोलिसांनी उभा केलाय म्हणजे काहीतरी असेलच ना? मला बघून वर डोळा मारतो. ठेवला हात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. इस्त्रीवालीला मीच जाऊन सांगितलं.

१२ मार्च
ड्रायव्हर कामावर हजर.
साहेबांनी बोलावून झाडलं. ओळीत संशयित एकच असतो म्हणे, बाकीचे नुसते भरतीचे. एक माणूस कमी पडत होता, पोलीस बराकीच्या चादरी पोचवायला आलेल्या ड्रायव्हरला हवालदाराने उभा केला. तुमची ओळख आहे का, कुणी विचारलंच नाही. खुनाच्या वेळी तो हॉस्पिटलात चादरी उतरवत होता, तिथल्या वहीत सही आहे.
"चूक आमचीही आहे," साहेब म्हणाले. "पण आता तू कुणाकडेही बोट दाखव, कोर्टात तुझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवील? ज्याला धरलाय त्याला सोडावा लागणार."
ड्रायव्हरने पाठीवर थाप मारली. "भेदरला होतास रे भावा. होतं असं." इस्त्रीवालीसमोर! माफसुद्धा यानेच करायचं.

१५ मार्च
काकू आल्या होत्या, काकांची शिट्टी आणि डबा न्यायला. मला म्हणाल्या, "तुला तो नीट दिसलाच नव्हता का रे, बाळा?"
नाही, म्हणालो.
तिसरा होता. आत पाऊल टाकल्या टाकल्या ओळखला होता मी.