मदार नावाची कोंबडी

आई, रविवार, चौदा डिसेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं की मुंगसानं काहीही केलेलं नव्हतं. वेळ नेमकी आठवते, कारण तेव्हा मी सुभेदारांच्या ओसरीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. दुसरीकडे कुठे बघावं ते सुचत नव्हतं.

सुभेदार कोण, हे तुला माहीत असायचं कारण नाही. तू गेल्यावर मी बँकेतून निवृत्त झाले, आणि सांगलीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत कोंबड्या पाळायला लागले. आमच्यासारखे परसात कोंबड्या पाळणारे सांगली-मिरजेत बरेच आहेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-भडंग खातो आणि एकमेकांच्या कोंबड्यांची चौकशी करतो. माणसांची चौकशी कुणी करत नाही, म्हणूनच मी जाते. कुणाची अंडी पातळ कवचाची येताहेत, कुणाच्या कोंबड्या पिसं झडून भिकाऱ्यासारख्या दिसताहेत, कुणाकडे मानमोडी येऊन निम्मं खुराडं रिकामं झालं, असं सगळं बोलणं चालतं. या वेळी सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदारांच्या घरी जमलो होतो. त्यांचा कोंबडा म्हातारा झालाय. "आरवत न्हाई, काय न्हाई. पेन्शन खातोय नुसता, माझ्यासारखा," असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

त्या दिवशी एक नवीन बाई आल्या होत्या. पाटणच्या. सुभेदारांच्या बायकोची लांबची भावजय, लेकाकडे चार दिवस आलेल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर आणि आवाज असा की भिंतीपलीकडच्या कोंबड्यांनीही माना वर कराव्यात. प्रत्येकानं आपापलं सांगून झाल्यावर सुभेदारांनी विचारलं, "तुमच्याकडं काय परिस्थिती, वैनी?"

"आमच्याकडं बरं हाय. माज्या दोन मदारी खुडूक हायत्या, त्यास्नी आता अंड्यावर बसवायच्यात."

"मदारी?" सुभेदार म्हणाले. "आन माकड कुठाय मग?"

"माकड हितं बसलंय की समोर," बाई म्हणाल्या, आणि सुभेदारांच्या बायकोला इतकं हसू आलं की तिला कप खाली ठेवावा लागला. "आवं, मदार म्हंजे जात हाय ती कोंबडीची. काळीभोर, आन गळ्याला पांढरी पट्टी. आमच्या घरात सासूच्या येळंपासनं हायत्या. दुसऱ्या कुनाकडं न्हाईत."

मग कुणी म्हणालं अशी जात नसते, कुणी म्हणालं कर्नाटकात असेल. मला मात्र ती जात माहीत होती. ती जात मीच काढली होती, पाटणला अण्णांना नोकरीत मिळालेल्या क्वार्टरमागे, सहावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत.

तुला आठवत असेल. साताऱ्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मी सुट्टीला घरी आले होते आणि तू पाळलेल्या कोंबड्यांत ती एक काळी होती. गळ्याभोवती पांढऱ्या पिसांची स्वच्छ कॉलर, मान किंचित तिरकी, चाल सावकाश. बाकीच्या उकिरड्यावर भांडायला लागल्या की ही नुसती जाऊन उभी राहायची आणि भांडण थांबायचं. आमच्या मदर सुपीरियर व्हरांड्यातून येताना अगदी तसंच व्हायचं. मी तिला ‘मदर’ म्हणायला लागले. तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस. मागच्या दारातून मी "मदर, मदर, चला, प्रार्थनेची वेळ झाली" म्हणून ओरडले, आणि तू पिठाच्या हातानंच बाहेर आलीस. "ज्यांच्याकडं शिकायला जातेस, त्यांचं नाव कोंबडीला ठेवतेस? पुन्हा ऐकू आलं तर जीभ हासडून हातात देईन." पिठाची पाच बोटं माझ्या दंडावर उमटली होती. त्यानंतर मी ते नाव कुजबुजत घेत असे. तू तर तिला शेवटपर्यंत ‘ती काळी’च म्हणालीस. अण्णांना कोंबड्यांची फक्त चव माहीत होती, नावं नव्हती. म्हणजे ते नाव साऱ्या जगात दोघींनाच माहीत होतं, मला आणि तुला.

त्याच वर्षी दिवाळीला मी घरी येते तर काळी नाही. तू मला खुराड्यापाशी नेतेस, फाटलेली जाळी दाखवतेस, कोपऱ्यात पडलेली चार काळी पिसं दाखवतेस. "मुंगूस आलं रात्री." मी रडते. तू म्हणतेस, "कोंबडीसाठी एवढं रडायचं नसतं," आणि चकलीचं पीठ मळायला निघून जातेस. अण्णा तारेनं जाळी शिवत बसलेले. तेही चिडलेलेच, कारण त्यांचे साहेब जेवायला यायचे होते आणि ताटात काळीच वाढायची ठरली होती. आज सांगते, माझ्या परसात तिप्पट जाळी आहे, खाली फूटभर सिमेंट आहे, ते सगळं त्या मुंगसामुळे. गवंडी म्हणाला होता, "बाई, वाघ येतोय का हितं?"

तर सुभेदारांच्या ओसरीवर मी त्या बाईंना विचारलं, "तुमच्या सासूबाईंना ती कोंबडी मिळाली कुठून?" आवाज मी बँकेत परक्या खातेदाराशी बोलताना ठेवत असे, तसाच ठेवला.

"कुणा बाईंनी दिलेली. क्वार्टरमधल्या. सासू सांगायची, त्या बाई पदराखाली कोंबडी झाकून आल्या. म्हनल्या, हिला उद्या कापायचं ठरलंय, तुमी ठेवून घ्या, पर आमच्यात कुनाला बोलू नका. आन जाता जाता दारातनं परत आल्या. म्हनल्या, हिचं नाव मदार हाय, माज्या लेकीनं ठेवलंय, तेवढं बदलू नका."

मी घड्याळाकडे बघितलं ते इथे.

तू ‘मदर’च म्हणाली असणार, ते त्यांच्याकडे जाऊन मदार झालं. माझ्या दंडावर ज्या नावासाठी बोटं उमटवलीस, ते नाव तू दारातून परत फिरून सांगून आलीस. अण्णांपासून लपवलंस, ते मला समजतं. मी त्या वेळी लहान होते, मला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, हेही मान्य. पण त्यानंतर मी मोठी झाले, नोकरीला लागले, अण्णा गेले. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आजारपणात तू माझ्याशी दिवसचे दिवस बोलत होतीस. दूधवाला पाणी घालतो, शेजारणीचा कुकर परत द्यायचा राहिलाय, नर्सचं लग्न ठरत नाही. मुंगसाचा विषयसुद्धा निघाला होता. खिडकीबाहेर एक दिसलं, मी त्याला शिव्या दिल्या, आणि तू म्हणालीस, "जाऊ दे, त्यालाही पोट आहे." आई, याला काय म्हणायचं?

पण माझी तक्रार याहून पुढची आहे. मी त्या बाईंना आणखी एक प्रश्न विचारला. त्या क्वार्टरमधल्या बाई परत कधी आल्या का?

"परत म्हंजे? दर बाजाराला यायच्या की! पिशवी दारात ठिवायची आन अंगनात बसायचं. आधी कोंबडीची इचारपूस, किती अंडी घातली, किती पिल्लं जगली. मग सासूचं आन त्यांचं सुरू. लय हसायच्या म्हनं त्या बाई. सासू म्हनायची, चूल इजायची पर ह्यांचं हसनं थांबायचं न्हाई."

सुभेदार म्हणाले, "बाई, भडंग घ्या की, थांबलात का?" मी घेतलं. तिखट होतं.

बाजाराच्या दिवशी तुला उशीर होत असे, ते मला आठवतं. सुट्टीत मी बरोबर येते म्हणाले की तू म्हणायचीस, "ऊन फार आहे, तू बस अभ्यासाला." मी बसत असे. आपल्या घरात मी तुला चूल विझेपर्यंत हसताना कधी पाहिलं नाही. ओठ दाबून हसायचीस, तेही पदर लावून. माझी समजूत होती की तू हसणारी बाईच नव्हेस, आणि मीही तशीच निपजले. बँकेत माझ्या या चेहऱ्याचा दरारा होता. आता कळतं की हसणारी बाई होती, फक्त ती आठवड्यातून एकदा, दुसऱ्याच्या अंगणात असायची, आणि मला ऊन लागेल म्हणून घरी ठेवलेलं असायचं.

मी त्यांना माझी ओळख सांगितली नाही. सांगता आली असती. भर ओसरीत कौतुक झालं असतं, सुभेदारांच्या बायकोनं डोळे पुसले असते. पण ते घर तू माझ्यापासून राखून ठेवलं होतंस. तुला न विचारता तिथे शिरणं मला बरं वाटलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "बाई, तुमाला एवढी चौकशी हाय तर संक्रांतीला या की पाटणला. तवर पिल्लं निघत्याल. अंगनात बसून दाखवते." मी म्हटलं, बघते.

हे पत्र टपालात पडणार नाही, हे मला कळतं. तरी उत्तर लेखीच हवं, तोंडी तू काय काय सांगतेस ते मी पाहिलंय. मुंगसाबद्दल खुलासा नको, तो मिळाला. कोंबडीही मला नकोय, माझ्याकडे पुरेशा आहेत. त्या दिवशी ओसरीवर मला राग आला तो फसवल्याचा नव्हता. मला तुझ्याबरोबर बाजाराला यायचं होतं, एवढंच होतं. तेव्हा संक्रांतीच्या आत कळव, मी त्या अंगणात जाऊन बसले आणि तुझी लेक म्हणून सांगितलं, तर तुला चालेल का. चालणार असेल, तरीही लिहून कळव.