जाड तारेचे उत्तर

७ जानेवारी २०१३, सोमवार

या रोजनिशीत मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. चाल रचणाऱ्याच्या मनात आधीपासून नसते. गिटारच्या तारा ज्या सुरांत जुळवलेल्या असतात, ती जुळणीच बोटांकडून चाल काढून घेते. भंडाऱ्याच्या महाविद्यालयात मी छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. पुराव्यावाचून काही न मानण्याची सवय आता सुटणार नाही.

तुमसर तालुक्यातील या खाण-वसाहतीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी जुनी विद्यार्थिनी रत्नमाला इथल्या बालवाडीत शिकवते. तिनेच शेजारची ही खोली मिळवून दिली. तिचा नवरा अंकुश रोज दुपारी अडीचच्या पाळीला खाणीत उतरतो. दोघांनी मिळून सामान उतरवले आणि लाखोरीच्या डाळीचे वडे खाऊ घातले. इथे बेसूर वाजवायला हरकत नाही, असे अंकुशने सांगितले. ड्रिल चालवून अर्धी वसाहत बहिरी झाली आहे म्हणे. बऱ्याच दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

१० जानेवारी, गुरुवार

गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझा आवाज खाली उतरला तो पुन्हा चढला नाही. म्हणून मी तारा त्याच्यापर्यंत खाली आणतो आहे. नेहमीच्या जुळणीत बोटे त्याच त्या जागा शोधतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी-ए-डी-जी-ए-डी अशी जुळणी केली, आणि ओळखीची जागा ओळखीचा सूर देईना. दोन तासांत तीन नव्या चाली मिळाल्या. विधानाच्या बाजूने हा पहिला पुरावा.

समोरच्या घरातील हिरालाल पूर्वी खाणीत लाकडी टेकू लावायचे; आता निवृत्त आहेत. खिडकीशी थांबून ते म्हणाले, "सर, तुमच्या सतारीले ताप आला काय जी? सूर उतरूनच राहिला." ही सतार नव्हे, असे मी त्यांना समजावले. मग तर औषधही वेगळे लागेल, असे म्हणत ते गेले.

१३ जानेवारी, रविवार

सर्वांत जाड तार आणखी उतरवून सी सुरावर आणली. ती आता इतकी सैल आहे की पडद्यांना लागून गुरगुरते. सायंकाळी चारच्या सुमारास मी हात उचललेला असताना ही तार आपोआप थरथरली. लगेच फरशीखालून तीन ठोके आले. सावकाश, सारख्या अंतराने.

खाली जुन्या खोदकामाचे बोगदे आहेत. कुठल्यातरी पंपाचा हादरा असणार. ठेका मात्र सुरेख होता. मी अंगठ्याने जाड तारेवर तसेच तीन ठोके दिले. खालून पुन्हा तीन आले. मी पुन्हा दिले. अर्ध्या तासात गाणे पूर्ण झाले. इतक्या वेगाने मला कधीच सुचलेले नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

कालच्यासारखे आजही चारच्या ठोक्यांना उत्तर देत मी तेच गाणे वाजवत असताना हिरालाल दारात आले आणि हातातली काठी टाकून खाली बसले. तीन ठोके कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले.

त्यांच्याकडून जे कळले ते असे. खाणीत छत कोसळून वाट बंद झाली की अडकलेली माणसे हातोडीने पाण्याच्या पाइपवर ठोके देतात. जितकी जिवंत माणसे, तितके ठोके. बाहेरच्यांनी तितकेच ठोके परत द्यायचे. त्याचा अर्थ, ऐकले, येतो आहोत. एकदा उत्तर दिले की त्यांना काढल्याशिवाय कोणी घरी जात नाही. अठरा वर्षांपूर्वी पूर्वेच्या बोगद्यात तीन माणसे अडकली. दोन दिवस ठोके आले, दोन दिवस उत्तर गेले. मग बोगदा पाण्याने भरला आणि भिंत बांधून बंद करण्यात आला.

"उत्तर कायले देल्लं सर तुम्ही?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

साधा प्रतिध्वनी, असे माझे मत मी त्यांना ऐकवले.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी रत्नमालाने सांगितले, अंकुशला झोप नाही. रविवारपासून रोज चारच्या सुमारास पूर्वेच्या भिंतीमागून तीन ठोके येतात आणि वरून कोणीतरी उत्तर देते. भिंतीमागे जिवंत माणूस आहे, आणि उत्तर देणाऱ्याने शब्द दिला आहे. मग आपण गप्प कसे बसायचे, असे तो साथीदारांना विचारतो आहे. उद्या भिंतीला भोक पाडून पाहणार आहे.

वरून उत्तर देणारा मी. हे तेव्हाच सांगायला हवे होते, असे वाटते आहे. पण दोनशे फूट खडकातून गिटार ऐकू जाते, हे कशावरून? आज अंकुशची साप्ताहिक सुट्टी आहे, म्हणजे घाई नाही. आधी एक चाचणी: सर्व तारा नेहमीच्या जुळणीत परत आणायच्या आणि ठोके थांबतात का ते पाहायचे.

सायंकाळ. तारा नेहमीच्या जुळणीत. गिटार पलंगावर, हात मांडीवर. चार वाजता जाड तार थरथरली. तीन ठोके. ट्यूनर लावून पाहिला. ती स्वतःच सी सुरावर उतरली होती. खुंटी हललेली नाही.

उद्या सांगेन.

१७ जानेवारी, गुरुवार

दोन वाजता अंकुशला फाटकाशी गाठले. सर्व सांगितले. तो हसला, मायेने हसला. "सर, दोनशे फूट खाली गिटार? पुरावा मागायले तुम्हीच शिकवलं न रत्नमालाले?" भिंतीमागे पाणी आहे, असेही मी म्हणालो. पाण्यात कोणी हातोडी मारते काय, असे त्याने विचारले. हेल्मेट चढवून तो गेला. मी व्यवस्थापकाच्या कचेरीकडे धावलो — फाटकावर थांबवले — साहेब तुमसरला, असे —

चार वाजता तीन ठोके. मी उत्तर दिले नाही.

चार वीस. भोंगा.

१८ जानेवारी

पाणी. भिंत गेली. बाकीचे सहा वर आले. अंकुश नाही.

रत्नमाला माझ्या खोलीत, फरशीवर बसलेली. रडत नाही. कान देऊन —

सकाळी नऊ. ठोके.

चार.

तिने गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "द्या सर. त्यांले कळू द्या, आपण येऊन राहिलो."

चार दिले. चार आले. पुन्हा —

दुपार. वर पंप लावले आहेत. पाणी उतरत नाही. पंपवाले म्हणतात, आत आता कोणी — रत्नमाला ऐकत नाही. तीही ठोके मोजते. माझे बोट फाटले. ती फडके बांधून म्हणते, थांबू नका.

माझी चूक एकच आहे आणि ती मला मान्य आहे. बुधवारी अंकुश दिवसभर घरी होता. त्याला या खोलीत बसवून थरथरणारी तार दाखवता आली असती. बोलण्याइतका पुरावा हाती असताना मी सिद्ध होण्याइतका मागितला. संशयाचा फायदा मी माझ्या सिद्धांताला दिला. तो अंकुशला द्यायला हवा होता.

— वासुदेव मेश्राम

चार वाजले. पुन्हा ठोके. जाड तार पीळ सोडते आहे, दुसरी माझ्याजवळ नाही. तुटली तर खाली त्यांना वाटेल की आम्ही निघून — रत्नमाला वही ओढते आहे, म्हणते लिहू नका, दोन्ही हात —