बाबांना आणायला मुळशीला

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. चांदणी चौकात अडकले, पौडच्या पुढे पुन्हा अडकले. पाटी दिसली, 'घरगुती जेवण व राहण्याची सोय. चुलीवरचं.' बाबा ओसरीवर नाहीत, खोलीत नाहीत. शेवटी मागच्या अंगणात सापडले. पाटावर बसून लसूण सोलत होते. घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात लागतो ह्यांना!

"आलीस? बस. चहा घे." जसं काही मीच त्यांच्याकडे राहायला आलेय.

एसटी वर्कशॉपातले रिटायर मित्र, दोन दिवसांची सहल. बाकीचे ठरल्याप्रमाणे परत गेले, हे राहिले. रोज फोनवर "उद्या येतो". पंधरा दिवस उद्याच चाललंय. ईराचा क्लास, गॅस, दूध, इस्त्रीवाला, सगळं बोंबललंय. नवऱ्याची, नितीनची, चाकणला शिफ्ट, त्यामुळे तो कशातच नाही.

खोली बरी, म्हणजे बरीच म्हणायची. कडी लागत नाही, खुर्ची लावून झोपायचं. प्लग एकच, तोही कपाटाच्या मागे, म्हणून मोबाइल बाहेर देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. गरम पाणी बादलीने, तेही आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. उद्या सकाळी बाबांना गाडीत घालायचं आणि निघायचं. मी एकच ड्रेस आणलाय.

शनिवार, १५

निघालो नाही. "आज शनिवार, पाहुणे आहेत, बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही? आपणच पाहुणे आहोत!

हिंजवडीची गँग आली. स्पीकर, त्यात एकच गाणं परत परत. सगळे ओरडतायत, "आक्का, भाकरी! आक्का, ठेचा!" आक्का म्हणजे मालक दत्ताभाऊंची थोरली बहीण. साठी उलटलेली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, माहेरी आल्या, तेव्हापासून ह्या घराची चूल त्यांच्याकडे. सडसडीत बाई, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा. दत्ताभाऊंची बायको संगीता फोनवर बुकिंग घेते, चादरी बदलते. दत्ताभाऊ पाहुण्यांना धरण दाखवायला नेतात.

आणि बाबा वाढत होते. खांद्यावर पंचा, हातात आमटीचं भांडं. मी बघतच राहिले.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथे उभी राहून ऑफिसचा कॉल केला, शनिवारी, कारण शुक्रवार बुडवला. साहेब म्हणाले, मागे कोण ओरडतंय? म्हटलं, कोंबडी.

दुपारी बाबा म्हणाले, चल जरा. भात कापून झालेल्या खाचराच्या बांधावर बसलो.

"शुभा, मी आक्कांना विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं."

मी हसले. खरंच हसले. ते हसले नाहीत.

रविवार, १६

आज भांडण, त्याच बांधावर. जे बोलायचं ते बोलले, नव्हतं बोलायचं तेही. आई जाऊन तीन वर्षं, लोक काय म्हणतील, तुमची शुगर, तुमचं वय, पंधरा दिवसांत काय कळतं माणसाचं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "मी परवानगी मागत नाहीये गं. सांगतोय." आणि उठून मिक्सर उघडायला गेले. इथला मिक्सरही त्यांनाच दुरुस्त करायचाय.

टाकीजवळून नितीनला फोन. "अरे वा, चांगलंय की!" मग जरा थांबून, "पण मग ईराला क्लासला कोण सोडणार?"

फोन आपटला. तो बोलला म्हणून राग. मीही तेच बोलणार होते म्हणून जास्त.

दत्ताभाऊ नळाशी गाठून म्हणाले, "ताई, तुमी ह्यांना घिऊन जावा. गावात नाव खराब हुतंय आमचं." दोन पावलं गेले, परत आले. "आन् सीझन हाय आता."

संगीता तरी सरळ बोलते. चादरी वाळत घालताना म्हणाली, "आक्का गेल्या तर सैपाक कोन करनार, ताई? माज्या हातच्या भाकरी पावनं खात न्हाईत. एकदा खाल्ल्या, परत आलंच न्हाईत."

तर दत्ताभाऊ, संगीता आणि मी, आम्ही तिघं एका बाजूला. ही बाजू मला अजिबात आवडलेली नाही.

सोमवार, १७

रजा वाढवली. दत्ताभाऊंच्या पुतणीचा पंजाबी ड्रेस घातलाय, बाह्या अपुऱ्या.

आक्का माझ्याशी बोलतच नाहीत. चहा देतात, गरम पाणी न सांगता दाराशी ठेवतात, बोलत नाहीत. शेवटी मीच गेले. पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. समोर बसले, मीही सोलायला घेतल्या. वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते विसरले.

"आक्का, तुम्ही काय ठरवलंय?"

"कशाचं?"

"लग्नाचं."

शेंग टाकली खाली. "दत्ता म्हनतो, न्हाई जमायचं. संगी म्हनती, लोक हसत्याल. तुमचं बाबा म्हनत्यात, लई बरं हुईल. तुमी काल बांधावर वरडत हुता ते हितं चुलीपाशी ऐकू येत हुतं. समद्यांचं ठरलंय. मला इचारतंय कोन?"

"बाबांनी विचारलं ना?"

"इचारलं की. मी कुटं उत्तर दिलंय अजून?"

म्हणजे! दोन दिवस आम्ही सगळे डोकी फोडून घेतोय आणि बाईंनी हो म्हटलेलंच नाही. बाबांनीही सांगितलं नाही. त्यांनी बहुतेक धरूनच ठेवलंय.

आक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. "हितं आल्यापास्नं दुसऱ्यांची ताटं वाढतीया. तितं जाऊन बी एक ताट वाढायचंच. मग फरक काय, त्योच इचार करतीया."

शेंगा सोलल्या.

मंगळवार, १८

आक्का गेल्या.

पहिल्या एसटीने रिह्याला, मावसबहिणीकडे. संगीता अंगण झाडत होती, तिला एवढंच सांगितलं, "इचार करून येते." कधी, ते नाही. फोन बंद.

दत्ताभाऊ बाबांवर भडकले, बाबा माझ्यावर. "काय बोललीस तू तिला?" तिला! कालपर्यंत 'आक्कांना' होतं.

त्यात बाणेरचं एक कुटुंब जेवायला. आजी, आजोबा, दोन लहान मुलं, सगळे 'चुलीवरचं' खायला आलेले. चुलीपुढे संगीता आणि मी. धुराने डोळे गेले. माझी भाकरी थापताना धड, तव्यावर टाकताना दोन. भात खालून करपला, वरून कच्चा. बाबा मागून सूचना देत होते, "आक्का आधी आधण ठेवतात." म्हटलं, मग जा आणि आणा आक्कांना. लगेच पायात चपला घालायला लागले. थट्टासुद्धा कळेनाशी झालीय.

दत्ताभाऊ मोटरसायकलवर पौडला जाऊन पोळ्या घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीतल्या पोळ्या, वाढताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं. बाणेरच्या आजी म्हणाल्या, "फोटोत वेगळंच होतं हो." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १९

बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. गोळी घेतली, वर नुसता चहा. शुगरवाल्या माणसाने! ओरडले तर म्हणतात, भूक नाही.

फाटकाशी तमाशा. बाबांना रिह्याला जायचंय, दत्ताभाऊ आडवे.

"काका, तुमी पावनं हाय. पावन्यासारखं ऱ्हावा."

"पाहुणा लसूण सोलत नाही, दत्ता."

"मग कुनी सांगितला हुता सोलायला?"

"तुझ्या बहिणीने."

दत्ताभाऊ फाटकाला कुलूप लावून शेतावर गेले. पाहुण्यांना आत कोंडणारं हे एकच ठिकाण असावं.

मग बाबा माझ्याकडे. "तू गाडीने सोड मला. तुला नाही म्हणणार नाही तो." मी नाही म्हटलं. "विचार करून येते म्हणाल्यात ना? मग करू दे त्यांना विचार. तिथे जाऊन समोर बसलात तर काय विचार करतील?" बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी नक्की कुणाच्या बाजूने बोलले.

बाबा वळले आणि माझ्या गाडीत जाऊन बसले. पट्टा लावून! किल्ली माझ्या हातात, फाटकाला कुलूप, आणि हा माणूस पट्टा लावून समोर बघत बसलाय. संगीता हसावं की रडावं अशी. मग तिनेच चहा आणि दोन खारी गाडीत नेऊन दिल्या. खाल्ल्या.

शेवटी मीही जाऊन शेजारी बसले. काचेवर धूळ बसलेली.

"तुझ्या आईला मी विचारलं नव्हतं," बाबा म्हणाले. "घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, मी उभा राहिलो. पुढे पण नाही विचारलं कधी काही. बदली घेऊ का, घर कुठे घेऊ, काही नाही. ती यायची. ह्या वेळी विचारलं. आता उत्तराची वाट बघणं जमत नाही मला."

मी पट्टा सोडवून दिला. एवढंच जमलं.

गुरुवार, २०

ईराचा फोन. "आई, आजोबांचं लग्न आहे? मी काय घालू?" नितीनला पोटात काही ठेवता येत नाही. सोसायटीत कुणाला सांगितलंस का, विचारलं. "फक्त गार्गीला." म्हणजे झालं, पूर्ण बी विंग.

साहेबांचा मेसेज, सोमवारी प्रत्यक्ष या. आज बॅग भरली. उद्या जेवून निघणार, बाबा आले तर आले, नाही तर नाही. मी काय काय सांभाळू? तिथलं घर, इथली चूल, एक म्हातारा माणूस आणि एक मालक. मालक म्हणजे दत्ताभाऊ, ते आता तासातासाला मला विचारतात, "ताई, आक्काचा काय फोन?" मला कशाला करतील त्या फोन!

बाबांनी बॅग भरली नाही. अंगणात बसून आक्कांचा दगडी पाटा-वरवंटा घासून काढत होते. सांगितलं कुणी? कुणीच नाही.

शुक्रवार, २१

बॅग गाडीत ठेवली. टाकीजवळ जाऊन नितीनला मेसेज टाकत होते तेवढ्यात अनोळखी नंबर. उचलला.

"शुभाताई, मी आक्का. भाचीच्या फोनवरनं बोलतीया. कुनाला सांगू नगा."

"बोला ना. कशा आहात?"

"बरी हाय. एक इचारायचं हुतं. तुमचं बाबा घोरत्यात का?"

मला आधी नीट ऐकलंय असंच वाटेना. "हो. भिंतीपलीकडे ऐकू येतं."

"रागवत्यात?"

"जेवणावरून नाही. वस्तू जागेवर नसली की फार."

"आजारी पडल्यावं?"

"घर डोक्यावर घेतात. साधी सर्दी असली तरी."

"हं." मागे भात झोडण्याचा आवाज येत होता. मग आवाज खाली आणून, "तुमच्या आईवर कदी हात उगारला?"

"नाही." परत म्हटलं. "नाही आक्का. कधीच नाही."

ह्या बाईला हे का विचारावंसं वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

"आईचं शेवटी कोन बघत हुतं?"

"बाबा. मी नोकरीवर. वेणी पण तेच घालायचे."

"यायची त्यास्नी?"

"नाही. वाकडी व्हायची. आई तशीच बसायची."

एकच वाक्य पुरलं असतं. तापट आहेत, किंवा विसरायला लागलेत, काहीही. बाबा संध्याकाळपर्यंत गाडीत आणि सोमवारपासून ईरा क्लासला. जिभेवर आलं होतं, नाही असं नाही.

"मला बी सैपाकातलं सोडून दुसरं काय येत न्हाई," आक्का म्हणाल्या. "त्यांना सांगितलंय मी. म्हनले, नका करू, मी बी शिकतो. खरं वाटत न्हाई ताई मला."

"मलाही नाही वाटत," म्हटलं. "पण लसूण सोलतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं."

हसल्या. "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हंजी ऐकलं." आणि फोन ठेवला.

मागे वळले तर बाबा टाकीच्या कोपऱ्याशी उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कुठे जायचं नसताना.

"कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"एवढा वेळ?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मी गाडीतली बॅग काढून परत खोलीत आणली. उद्या शनिवार, हिंजवडीचे पाहुणे आहेत, संगीता एकटी काय काय करणार, असं सगळ्यांना सांगितलं.