राजपुत्रास कायद्याचं पुस्तक

मुक्काम पुणे,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप जोतिबामामांस,

भाचा शामू याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं पुण्यात आणि पाय निपाणीत, तरी टेकलं असं धरून चालावं.) मी इकडं खुशाल आहे. तुमचा गुडघा, मामींची दाढ, दुभती म्हैस आणि बांधावरून चाललेला कोर्टातला दावा, या चौघांच्या प्रकृतीचं सविस्तर कळवावं. तंबाखूची खुडणी एव्हाना उरकली असेल. त्याच कामापायी तुम्ही दिवाळीला येळ्ळूरला आला नाहीत, आणि तुम्ही आला नाहीत म्हणूनच हे पत्र लिहायची पाळी आली. तुम्ही असता तर सगळं डोळ्यांनी बघितलं असतं आणि माझा निम्मा कागद वाचला असता.

मुद्द्यावर येतो. श्रावणात तुम्ही आईला म्हणालात की तुळसा शामूला द्यायला माझी ना नाही, घरचाच भाचा आहे. पण पोरगं एका जागी ठरत नाही, हुबळीला गेलं, परत आलं, मिरजेला गेलं, परत आलं, ते बायको काय सांभाळणार? दिवाळीला मामी आणि तुळसा येतील, त्यांना आणि घरादाराला नीट सांभाळून दाखव, मग बोलू. त्याप्रमाणे मी दाखवलं. आणि आता आमच्या धाकट्या भरमूचं पत्र आलंय की मामी निपाणीला गेल्या त्या तोंड फुगवून, आणि तुम्ही नुसतं ‘बघू’ म्हणालात. मामा, तुमचं ‘बघू’ मला ठाऊक आहे. बांधाच्या शेजाऱ्यालाही तुम्ही पहिल्यांदा ‘बघू’च म्हणाला होता. म्हणून म्हटलं, निकाल लागायच्या आधी माझीही जबानी होऊ द्यावी.

आधी पुस्तकांचं सांगतो. मी इथं पुस्तकं बांधायच्या कारखान्यात आहे आणि (मामा, हे ध्यानात घ्यावं) दीड वर्ष झालं, तिथंच टिकून आहे. खळ लावायची, दोरा ओवायचा, पाठीला कापड चिकटवायचं. शिक्षण मराठी दुसरी, त्यामुळं आत काय छापलंय त्याची हमी मी देत नाही. पुठ्ठा मात्र बैलानं ओढला तरी सुटायचा नाही. दिवाळीला मालकांनी डाग पडलेली पुस्तकं आम्हाला वाटून टाकली, तेव्हा मी एकेका माणसाचा स्वभाव डोळ्यांपुढं आणून निवड केली. आप्पांना वाचता येत नाही, पण चष्मा लावून पुस्तकापुढं बसायची लई हौस, म्हणून त्यांना सगळ्यांत जाड. (ते वैद्यकीचं निघालं. आप्पा आता रोज सकाळी मूळव्याधीच्या पानावर फूल वाहतात, कारण तिथलं चित्र त्यांना कमळासारखं दिसतं. कुणी सांगत नाही.) आईला पाकशास्त्राचं आणलं, तर ती उखडली: “पंचवीस वर्सं तुमास्नी गवत घातलं व्हय रं मी?” भरमूला खुनाच्या तपासाची कादंबरी दिली, तिची शेवटची पानं लावायची राहून गेली होती, तेव्हा खुनी कोण हे तो अजून गावभर विचारत फिरतोय. आप्पांची थोरली बहीण नागुआत्या, तिला व्रतांच्या कहाण्या. तुळसाला गोष्टींचं. ते तिनं गोठ्याच्या दारात उभ्या उभ्या निम्मं वाचलं, म्हणजे आवडलं असावं. मला ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही (मर्यादेनं). आणि तुमच्यासाठी, मामा, सगळ्यांत भारी: तांबडं कातडं, सोनेरी अक्षरं, जमिनीच्या दाव्यांचा कायदा सोप्या मराठीत. या पुस्तकाचं पुढं काय झालं ते येतंच आहे.

मग निघाली बोलपटाची गोष्ट. आमच्याकडं दिवाळीनंतर देवळापुढं रात्रभर नाटक होतं, पण औंदा राजाचं काम करणारा आणि प्रधानाचं काम करणारा यांच्यात पाण्याच्या पाटावरून मारामारी झाली आणि नाटक मोडलं. मी म्हटलं, मी सगळ्यांना बेळगावला बोलपट दाखवतो, आणि तिथूनच मामी आणि तुळसाला निपाणीच्या मोटारीत बसवून देतो. पण कुठला दाखवायचा? आप्पा म्हणाले, देव पाहिजे. नागुआत्या म्हणाली, रडू आलं पाहिजे, न्हायतर एवढ्या लांब जायाचं कशाला. भरमूला तलवारी. आईला म्हशीच्या धारेच्या आत संपणारा. मामी म्हणाल्या, “मला काय, कसला बी चालंल,” आणि त्यांची मर्जी राखणं सगळ्यांत अवघड हे मला तेव्हाच कळलं. मी आदल्या दिवशी बेळगावला जाऊन सगळ्या पाट्या बघून आलो. एकीवर राजपुत्र, राणी, दुष्ट प्रधान, पांढरा घोडा आणि कोपऱ्यात ढगातून हात वर केलेला देव, असं सगळं एकाच पाटीवर होतं. ठरलं.

आता चूक कुठं झाली ते प्रामाणिकपणे सांगतो. मी तीन वर्षं बाहेर राहिलो, त्यामुळं विसरून गेलो की आमच्या माणसांनी खेळ म्हणून फक्त देवळापुढचं नाटक बघितलंय. तिनाच्या खेळाला मी बैलगाडीत चढवायला गेलो तर गाडीत घोंगडी, उशा, भाकऱ्यांचं गठुडं, ठेचा, पाण्याची घागर आणि आप्पांची पानसुपारी. मी म्हटलं, आप्पा, अडीच तासांचं काम आहे. आप्पा म्हणाले, “शाण्या, नाटक बघाय जाऊन कोन झोप मोडून परत येतंय? हान मग गाडी.” मी गाडी हाणली. तिथंच बोलायला पाहिजे होतं.

थिएटर कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथल्या मॅनेजरांशी पुढं संबंध येणार आहे. पूर्वी ते नाटकाचं होतं, त्यामुळं पडद्यापुढं अजून फळ्यांचं स्टेज आहे. बायकांची बाजू पडद्यानं वेगळी. निम्म्यापर्यंत सगळं सुरळीत. मग प्रधानाच्या सांगण्यावरून राजानं राणीला राज्याबाहेर काढलं. राणी एकटी, डोईवर पदर, रडत रडत वेशीतून चाललेली, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, “अगं बया, रिकाम्या वटीनं लावून द्यालेत की गं बाईला!” आणि आमची नागुआत्या (तिच्याजवळ खण-नारळ नेहमी असतो, कोण कधी भेटेल सांगता येत नाही) पडदा सारून स्टेजवर चढली आणि राणीची ओटी भरायला लागली. राणी पंधरा फूट उंच, आत्या साडेचार फूट. नारळ राणीच्या पावलापर्यंतसुद्धा पोचेना. लोक ओरडायला लागले, यंत्र बंद पडलं, दिवे लागले, आणि मॅनेजर ‘साकु, साकु’ करत पळत आला. (मॅनेजर धारवाडकडचा. मराठी चांगलं बोलतो, पण चिडला की कानडीत ‘पुरे’ म्हणतो.)

मॅनेजरनं आत्याला खाली उतरवायचं बघितलं. आप्पा उठले. आता तुम्हाला माहीत आहे की आमच्या नाटकात कुणी पात्राला आहेर केला की त्याचं नाव स्टेजवरून मोठ्यानं पुकारतात, आणि न पुकारलं तर पुढच्या वर्षी मारामारी होते. आप्पा म्हणाले, “आहेर दिलाय, नाव पुकारा.” मॅनेजर म्हणाला, अहो, ती बाई इथं नाही, तो उजेड आहे. आप्पा म्हणाले, “उजेड का असंना. खण आमचा हाय न्हवं?” शेवटी त्यानं खेळ सुरू व्हावा म्हणून हात जोडून पुकारलं: येळ्ळूरचे भावकूआप्पा यांच्याकडून राणीसरकारांस खण-नारळ! टाळ्या पडल्या. खेळ सुरू व्हायचा, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी गरजला, “येळ्ळूरचं नाव घेताय आन् सांबऱ्याचं काय मेलंय व्हय?” सांबरेकरांनी फेटा दिला, घोड्याला. मग हिंडलग्याचे उठले. ते म्हणाले, प्रधानाला जोडा. (पायातला. म्हणजे हाणायला. तोही पुकारावा लागला.)

आणि मामा, तेवढ्यात मामींचं माणूस, म्हणजे तुळसा, पडद्याआडून येऊन हळूच सांगून गेली, “आई म्हनती, निपाणीचं नाव न्हाय आलं.” एवढंच. पण मामींचा चेहरा मला पडद्यातून दिसला. माझ्यापाशी काय होतं? पिशवीत तुमचं तांबडं पुस्तक, मोटारीत बसताना मामींच्या हातात द्यायचं म्हणून आणलेलं. मी विचार केला नाही. पुस्तक उचललं आणि मॅनेजरच्या हातात दिलं. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत नाव वाचलं आणि पुकारलं: निपाणीचे जोतिबामामा यांच्याकडून राजपुत्रास जमिनीच्या दाव्यांचा कायदा! सगळं थिएटर उभं राहिलं. “बरोबर हाय, राज्य गेलंय त्याचं! वकील कर रं बाळा!” असं पोरं ओरडत होती. तुमचं नाव बेळगावात एवढ्या माणसांत असं गाजलं, मामा, की माझा ऊर भरून आला. मामींची तक्रार एकच, की ते सांबऱ्याच्या आणि हिंडलग्याच्या मागून का आलं. क्रम माझ्या हातात नव्हता. पुस्तक हातात होतं, ते दिलं.

पुढं खेळ संपला, राज्य परत मिळालं, दिवे लागले आणि आमचं एक माणूस जागचं हलेना. आप्पा म्हणाले, “आत्ता कुठं गण झालाय.” नागुआत्यानं घोंगडं अंथरलं. आईनं ठेचा सोडला. मॅनेजर इतका दमला होता की त्यानं पुढच्या खेळालाही बसू दिलं, एवढ्याच अटीवर की आहेर नको. अशी निपाणीची मोटार चुकली, आणि तुम्ही स्टँडवर ताटकळलात. (म्हैस त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिळली. आई त्यांच्याशी बोलत नाही.) मॅनेजरनं नारळ, खण, फेटा सगळं परत केलं, हिंडलगेकरांचा जोडासुद्धा. पुस्तक तेवढं ठेवून घेतलं. म्हणाला, थिएटरच्या जागामालकाशी माझाही दावा चालू आहे.

तर मामा, घरादाराला सांभाळलं की नाही, तुम्हीच ठरवा. कुणी हरवलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही, आणि प्रत्येकानं आपल्याला पाहिजे ते बघितलं. तुळसाला मला द्यावी ही विनंती. उत्तराची वाट बघतोय.

आपल्या पायांशी,
शामू

ता. क. कायद्याची दुसरी प्रत मिळाली नाही. त्याऐवजी कोंबड्यांच्या रोगांवरचं पाठवतो. कातडं तेच आहे, लांबून फरक कळत नाही. बांधाच्या शेजाऱ्याला लांबूनच दाखवावं.

ता. क. दुसरा. दीड वर्ष टिकलो असं वर लिहिलंय ते खरं आहे. पण त्या मॅनेजरनं मला दारावर तिकिटं फाडायला बोलावलंय. म्हणाला, खेड्यातली माणसं आवरणारा कुणीतरी पाहिजे. संक्रांतीपासून येतो म्हणून कळवलंय. याला नोकरी बदलणं म्हणू नये, जवळ येणं म्हणावं.

ता. क. तिसरा. तुळसा, मामांची चाळिशी फुटलीय आणि त्यांची पत्रं तूच वाचून दाखवतेस, असं भरमूनं कळवलंय. तेव्हा पत्र संपलं म्हणून सांग आणि एवढं मनात वाच. मी वर तुझ्याबद्दल मामांना विचारलं. मामींची मर्जी बघितली, आप्पांची बघितली, नागुआत्याचीसुद्धा. तुला कुणी विचारलं का, मला माहीत नाही. मी तर विचारलंच नाही. आता विचारतो. तुझ्या मनात नसेल तर मामांच्या नावानं चक्क नकार लिहून टाक. मी मामांवरच रुसेन, तुझं नाव कुठं येणार नाही. आणि मनात असेल तर मामा काय सांगायचं ते सांगू देत, लिहिणार तूच आहेस. आता ते विचारतील, “पत्र संपलं न्हवं, मग काय वाचतीस गं एवढं?” पत्ता वाचतीय म्हणून सांग.