मरोळच्या विहिरीचे कुलूप

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, आंजेलिन बस्त्याव क्रास्टो, विधवा, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत, असे वकील विद्याधर सांगतात.

१. माझा एकुलता मुलगा पास्कू सन १९६७ च्या पावसाळ्यात विषमज्वराने गेला. नऊ दिवस त्याला ताप होता आणि नऊ दिवस मी नोव्हेनाची प्रार्थना केली. दवाखान्यात आयाचे काम करणारी बाई मी. लोकांची पोरे बखोटीला धरून डॉक्टरपुढे उभी करायची. घरच्या पोराला मात्र उशीर केला. देवावर माझा राग नाही. त्याने मला दोन पाय दिले होते आणि दवाखाना दहा मिनिटांवर होता. जपमाळ ओढायची ती केसपेपर हातात घेऊन, रांगेत उभे राहून, एवढे मागे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. माझी माळ माझ्याबरोबर पुरावी.

२. पाणी उकळायचे पितळी पातेले भाडेकरीण शेवंती हिला द्यावे. ती पाणी कोमट करते आणि उकळले म्हणते.

३. मे महिन्यात मसाला कुटायला पूर्वी माझ्या अंगणात आठ बायका बसत. आता मी एकटी कुटते. उखळ पाहिजे तिने न्यावे. मला विचारायला लाज वाटत असेल, तर तेव्हा मी नसेन.

४. पास्कू गेल्यावर माझ्या अंगणातल्या विहिरीचे पाणी तपासले, ते खराब निघाले. मी फळ्या ठोकून कुलूप घातले. पुढच्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण रेजिना हिच्या फिलूचे लग्न होते. आमच्यात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. रेजिना बाजा घेऊन दारात आली. मी कुलूप काढले नाही. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझा पोर गेला म्हनून माझे पोरीचा पानी अडवतेस?" बाजा थांबला. त्यांनी नळावरून हंडा भरून नेला.

दोन गल्ल्या पलीकडे राहून रेजिना आठ वर्षे माझ्याशी बोललेली नाही. गावानेही तिचीच बाजू घेतली. कुलूप घातले ते बरोबरच होते. पण आंघोळीपुरता एक हंडा, पिऊ नका म्हणून बजावून, देता आला असता. खरे सांगायचे तर दुसऱ्याच्या घरचा बाजा मला त्या दिवशी सोसत नव्हता.

५. म्हणून घर, अंगण व विहीर रेजिनाला देते. पाणी तपासल्याशिवाय कोणी पिऊ नये.

६. साक्षीदार दोन लागतात. एक दवाखान्यातले कंपाउंडर मधुकर. दुसरे नाव वकिलांनी विचारले तेव्हा मला एकही सुचले नाही. त्या दिवशी मी रडले, हे कायद्यात बसत नसले तरी लिहिते.

घर तुम्हाला मिळणार आहे, असा निरोप वकिलांनी रेजिनाला धाडला. आज ती आली. दारातच उभी राहून तिने सगळे वाचून घेतले.

"दुसरी सही कोन करनार?"

वकील म्हणाले, "तुम्ही नाही करायची. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. घर हातचे जाईल."

"जाऊ दे. मना घर नको. आठ वर्सां एकटी बसली ती. आता साक्षीला पन परका मानूस आनायचा?"

मी म्हटले, "रेजिना, वेडी का तू?"

"गप बस गो. कुठे करू सही?"

७. सबब वरील पाचव्या कलमातले रेजिनाचे नाव काढले आहे. घर, अंगण व विहीर फिलूला द्यावी.

मरोळ, दिनांक ९ नोव्हेंबर १९७६.

आंजेलिन बस्त्याव क्रास्टो

आम्हा दोघांसमोर तिने सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:

१. मधुकर शिवदास राऊत, कंपाउंडर
२. रेजिना इनास मिस्किटा, बहीण